दहा कॉम्प्युटर की दहा कॉम्प्युटर्स?

सातवीच्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘आमच्या शाळेत दहा कॉम्प्युटर आहेत.’ मी लाल शाईने शेवटच्या अक्षरावर ‘स’ चढवला आणि ‘कॉम्प्युटर्स’ करून वही परत दिली. मुलगा वही घेऊन पुन्हा टेबलाशी आला. म्हणाला, “सर, मग दहा लाडूस का म्हणत नाहीत?” वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही. त्या उत्तराचा शोध घेताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहे.

प्रथम मराठीची रीत पाहू या. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. शाळेत आपण शिकवतो ते वचनाचे नियम याच परंपरेतून आले आहेत. आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते : घोडा–घोडे. इतर पुल्लिंगी नामे बदलत नाहीत : एक दगड–दहा दगड, एक लाडू–दहा लाडू. स्त्रीलिंगी अकारान्त नामाला ‘आ’ किंवा ‘ई’ लागतो : वीट–विटा, भिंत–भिंती. ईकारान्ताचे ‘या’ होते : नदी–नद्या. नपुंसकलिंगी अकारान्त नामाला ‘ए’ लागतो : घर–घरे. म्हणजे मराठीत अनेकवचन करण्यापूर्वी शब्दाचे लिंग ठरावे लागते. इंग्रजीत ती अडचण नाही. तेथे बहुतेक नामांना सरसकट ‘स’ लावून काम भागते.

आता परक्या घरून आलेले शब्द मराठीत कसे नांदले ते पाहा. पोर्तुगीजांकडून बटाटा आला, त्याचे बटाटे झाले. चावी आली, तिच्या चाव्या झाल्या. फारसीतून दुकान आले, त्याची दुकाने झाली. मूळ अरबी खुर्चीच्या खुर्च्या झाल्या. इंग्रजी तिकिटाची तिकिटे, सायकलीच्या सायकली आणि बँकेच्या बँका झाल्या. यांपैकी एकाही शब्दाने माहेरचा अनेकवचनाचा प्रत्यय बरोबर ठेवला नाही. उलट ‘उमराव’ हा शब्द पाहा. अरबीत तो ‘अमीर’ या शब्दाचे अनेकवचन आहे. मराठीत मात्र आपण खुशाल ‘एक उमराव’ म्हणतो. शब्द आत आला की यजमान भाषेचे व्याकरण त्याला लागू होते, हा सर्वसाधारण नियम यावरून दिसतो.

मग ‘बसेस’ कोठून आल्या? पनवेलच्या एस.टी. स्थानकावर थोडा वेळ उभे राहावे. येथून मुंबई, पुणे आणि कोकण अशा तिन्ही दिशांना जाणारी माणसे भेटतात. कोणी म्हणते, “अलिबागच्या गाड्या कुठे लागतात?” कोणी म्हणते, “सगळ्या बसेस भरून गेल्या.” ‘गाडी’ स्त्रीलिंगी म्हणून बसही स्त्रीलिंगी झाली. नियमाने तिचे अनेकवचन ‘बशी’ व्हायला हवे. पण ती जागा चहाच्या बशीने आधीच अडवली आहे! म्हणून कोणी ‘बसगाड्या’ म्हणून वाट काढली, तर कोणी इंग्रजी प्रत्ययासह ‘बसेस’ पत्करल्या.

गंमत पुढेच आहे. ‘बस’ हा शब्द लॅटिन ‘ओम्निबस’चा तुकडा आहे. त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. त्यातील शेवटचा ‘इबस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. म्हणजे ‘सर्वांसाठी’ या शब्दातील ‘सर्व’ गळून गेले आणि लोक नुसत्या ‘साठी’त बसून प्रवास करू लागले, असा हा प्रकार! अनेकवचनाच्या या शेपटीला इंग्रजीने पुन्हा अनेकवचनाचा प्रत्यय लावला आणि मराठीने तो जसाच्या तसा उचलला.

कॉम्प्युटरबरोबर आलेल्या शब्दांची स्थिती सध्या अशीच मधली आहे. ‘फाइल’ स्त्रीलिंगी झाली आणि तिच्या ‘फायली’ही झाल्या. ‘फ्लॉपी’ वापरात होती तेव्हा ‘फ्लॉप्या’ सहज म्हटले जाई. ‘अ‍ॅप’ नपुंसकलिंगी ठरले. पण ‘अ‍ॅपे’ म्हटले तर आप्प्यांची आठवण होते, म्हणून ‘अ‍ॅप्स’ रूढ झाले असावे. ‘कॉम्प्युटर’ मात्र पुल्लिंगी आणि अकारान्त आहे. ‘दगड’ या शब्दाप्रमाणे तो दोन्ही वचनांत सारखाच राहतो. मग वचन कळते कसे? क्रियापदावरून : ‘कॉम्प्युटर आला’, ‘कॉम्प्युटर आले’. विभक्ती लागताना तर भेद शब्दातच दिसतो : ‘कॉम्प्युटरवर’ आणि ‘कॉम्प्युटरांवर’.

‘सॉफ्टवेअर’ची गोष्ट वेगळी आहे. कॉम्प्युटरच्या संदर्भात हा शब्द अमेरिकन गणिती जॉन टूकी यांनी १९५८ साली एका लेखात वापरला. तो ‘हार्डवेअर’च्या धर्तीवर बनला आहे. हार्डवेअर म्हणजे मुळात लोखंडी सामान, आणि ‘वेअर’ म्हणजे माल. ‘सामान’ जसे आपण एक-दोन असे मोजत नाही, तसे इंग्रजीत सॉफ्टवेअर मोजत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘सॉफ्टवेअर्स’ प्रमाण इंग्रजीत चूक ठरते. तेथे ‘प्रोग्राम्स’ म्हणतात किंवा सॉफ्टवेअरचे ‘नग’ मोजतात. जो ‘स’ आपण इंग्रजीच्या आदराने लावतो, तोच इंग्रजीला मान्य नाही!

सॉफ्टवेअरच्या नावांचे काय? ती विशेषनामे आहेत, आणि विशेषनामाचे अनेकवचन होत नाही, असे आपण शिकवतो. मात्र ‘आमच्या वर्गात तीन पाटील आहेत’ या वाक्यात ‘पाटील’ हे सामान्यनामासारखे वापरले आहे, हेही आपण शिकवतो. इंग्रजी अशा वेळी नावाला ‘स’ लावते, पण नावाचे मूळ स्पेलिंग मोडत नाही. ब्लॅकबेरी हे फळ असेल, तर अनेकवचनात शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-एस’ येते. त्याच नावाचे फोन असतील, तर ‘वाय’ कायम ठेवून पुढे ‘एस’ लावतात. दोन्हींत अपॉस्ट्रॉफीला जागा नाही. ‘विंडोज’ या नावाचा अर्थ ‘खिडक्या’ असा अनेकवचनी आहे. पण १९८५ पासून बाजारात असलेल्या त्या प्रणालीला इंग्रजीत क्रियापद एकवचनीच लागते. मराठीत सर्वांत सोपा उपाय म्हणजे नावाला हात न लावता शेजारच्या सामान्यनामाचे अनेकवचन करणे : ‘वर्डच्या दोन फायली’, ‘विंडोजच्या तीन आवृत्त्या’, ‘लिनक्सचे अनेक प्रकार’.

वर्गात हा पाठ सहज घेता येईल. मुलांना रोजच्या वापरातील वीस इंग्रजी शब्द लिहायला सांगावे. प्रत्येकापुढे ‘हा, ही, हे’ यांपैकी काय लागते ते पाहावे. मग ‘पाच’ हा आकडा आणि शेवटी ‘वर’ किंवा ‘मध्ये’ लावून पाहावे. जेथे मुलांचे एकमत होते, तो शब्द मराठीत स्थिरावला असे समजावे. जेथे वाद होतो, तेथे भाषा अजून विचार करत आहे. तो वाद आपण लाल शाईने मिटवू नये.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. मराठीत ‘स’ हा विभक्तीचा प्रत्यय आहे, वचनाचा नव्हे. म्हणून ‘लाडूस’ म्हटले तर लाडवाला असा अर्थ होईल. बोलताना कोणी ‘कॉम्प्युटर्स’ म्हटले तर बिघडत नाही, पण त्याचे वाक्य मुळात बरोबर होते. ‘आहेत’ या क्रियापदाने अनेकवचनाचे काम आधीच केले होते. मग त्याच्याच वहीत मी चढवलेला ‘स’ मी खोडला आणि खाली सही केली.