संयुक्त घनाकृतींचे मापन
घन, वृत्तचिती, शंकू, गोल इ. साध्या घनाकृती एकमेकींना जोडून अथवा एकीतून दुसरी कोरून काढून जी आकृती तयार होते, तिला संयुक्त घनाकृती म्हणतात. अर्धगोल टोकांची टाकी, पोकळ नळ, गवंड्याचा ओळंबा ही तिची परिचित उदाहरणे होत. अशा आकृतीच्या मापनात प्रथम तिचे साधे घटक निश्चित करतात.

घटक एकमेकांत शिरलेले नसल्यास त्यांच्या घनफळांची बेरीज म्हणजे संयुक्त आकृतीचे घनफळ होय. पृष्ठफळास मात्र हा नियम लागू पडत नाही. कारण सांध्याचे पृष्ठ आत झाकले जाते व ते दोन्ही घटकांतून वगळावे लागते.

उदा., एका ओळंब्याचा वरचा भाग १·५ सेंमी. त्रिज्येची व ४ सेंमी. उंचीची वृत्तचिती असून खालचा भाग त्याच त्रिज्येचा, २ सेंमी. उंचीचा शंकू आहे. वृत्तचितीचे घनफळ ९π व शंकूचे १·५π, म्हणून एकूण १०·५π म्हणजे सु. ३३ घ. सेंमी. येते. शंकूची तिरकस उंची २·५ सेंमी. असल्याने वरचे वर्तुळ, वृत्तचितीचा वक्रपृष्ठभाग व शंकूचा वक्रपृष्ठभाग मिळून पृष्ठफळ २·२५π + १२π + ३·७५π = १८π, म्हणजे सु. ५६·५ चौ. सेंमी. भरते. दोन्ही घटकांची एकूण पृष्ठफळे नुसती मिळवल्यास २२·५π हे उत्तर येते. ते २५ टक्क्यांनी जास्त असल्यामुळे मुलामा देण्याच्या धातूचा अंदाज तितकाच चुकतो.

ओळंब्यात वरून ०·२ सेंमी. त्रिज्येचे ४ सेंमी. खोल, सपाट तळाचे छिद्र पाडल्यास घनफळ ०·१६π ने घटते. पण छिद्राच्या आतील भिंतीमुळे पृष्ठफळ १·६π ने वाढते. छिद्राचे तोंड व तळ समान असल्याने त्यांचा परिणाम परस्परांत नाहीसा होतो.

द्रव्यमान म्हणजे घनफळ व घनता यांचा गुणाकार. घटक भिन्न पदार्थांचे असल्यास प्रत्येकाचे द्रव्यमान स्वतंत्रपणे काढून मिळवतात. छिद्र नसलेल्या वरील ओळंब्यात वृत्तचिती पितळेची (घनता ८·५ ग्रॅ./घ. सेंमी.) व शंकू पोलादाचा (७·८) असल्यास द्रव्यमान सु. २४० + ३७ = २७७ ग्रॅ. होते.

घटकांची सूत्रे प्राचीन आहेत. समान पाया असलेला शंकू, गोल व वृत्तचिती यांची उंची गोलाच्या व्यासाइतकी असता त्यांची घनफळे १ : २ : ३ या प्रमाणात असतात, हे आर्किमिडीज यांच्या कार्यावरून मिळते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) गोलाचे पृष्ठफळ व घनफळ यांचे अचूक नियम दिलेले आहेत.