विलायती दुनळी बंदुकीवरील शिक्के व काडतुसाची निवड

जुन्या घराण्यांचीं दफ्तरें पाहतांना रुमालांच्या शेजारीं कधीं कधीं एखादी विलायती दुनळी बंदूकही नजरेस पडते. लंडन व बर्मिंगहॅम येथील कारागिरांकडून संस्थानिकांनीं अशा बंदुका आवडीनें मागविल्या होत्या. संग्राहकाचें लक्ष प्रथम कारागिराच्या नांवाकडे व नक्षीकडे जातें. परंतु तींत कोणतें काडतूस घालावें हें नांवावरून ठरत नाहीं. तें नळ्यांच्या बुडाशीं, खालच्या सपाट भागावर असलेल्या बारीक शिक्क्यांवरून ठरतें. शिक्कामोर्तब पाहिल्यावांचून आपण सनद खरी मानीत नाहीं, मग येथेंच घाई कां करावी?

हे शिक्के परीक्षागृहाचे होत. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीस १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. तेथें नेहमींपेक्षां जड बार भरून नळी उडवीत व ती टिकल्यास शिक्का मारीत. १९०४ च्या नियमांनीं नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या परीक्षेसाठीं ‘एन् पी’ हीं अक्षरें रूढ झालीं. ज्या नळीवर नायट्रोचा कसलाच उल्लेख नाहीं ती काळ्या दारूपुरतीच परीक्षित समजावी. लोखंड व पोलाद यांचे पीळ सांधून केलेल्या दमास्कस नळीचें जौहर पाहून कोणी तिला सरसकट टाकाऊ ठरवितात. हें आम्हांस मान्य नाहीं. नायट्रोच्या परीक्षेस उतरलेल्या दमास्कस नळ्या आहेत, आणि केवळ काळ्या दारूच्या पोलादी नळ्याही आहेत.

खरा घात होतो तो लांबींत. जुन्या बारा बोरच्या बंदुकींत काडतुसाचें घर बहुधा अडीच इंचांचें, म्हणजे सुमारें ६५ मिलिमीटर असतें. आज सर्रास मिळणारें काडतूस पावणेतीन इंचांचें, ७० मिलिमीटर असतें. हें माप उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याचें आहे. न उडालेल्या काडतुसाचें तोंड आंत दुमडलेलें असल्यामुळें तें आंखूड घरांत बिनतक्रार बसतें व बंदूकही नीट मिटते. बार उडतांच तें तोंड पुढच्या निमुळत्या वाटेंत उलगडतें, छऱ्यांचा मार्ग आवळला जातो आणि दाब वाढतो. बंदूक मिटली एवढ्यावरून काडतूस योग्य मानणारा आपले हात धोक्यांत घालतो.

यावर कित्येक जण घर कोरून लांब करवितात. या उपायास आमचा विरोध आहे. नळीची जाडी नेमकी जेथें हवी तेथें कमी होते, आणि शिक्का तर कोरण्यापूर्वींच्या नळीची साक्ष देत राहतो. व्याकरणास जुळत नाहीं म्हणून पोथींतील पाठ खरवडणाऱ्या लेखकाच्याच पंक्तींतला हा प्रकार! गंज घालविण्यासाठीं आंतून घासलेल्या नळीचेंही तसेंच. बारा बोरचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच, मूळ शिक्क्याच्या मापाहून तो इंचाच्या शंभराव्या भागापेक्षां अधिक वाढला असल्यास जुनी परीक्षा लागू राहत नाहीं. हें माप जाणत्या बंदूककाराकडूनच घ्यावें.

छऱ्यांच्या वजनास ग्रीनर यांचा ठोकताळा उपयोगी आहे: बंदूक छऱ्यांच्या ९६ पट जड असावी. १ १/१६ औंस, म्हणजे सुमारें ३० ग्रॅम छऱ्यांस त्यानें सहा पौंड सहा औंसांची बंदूक येते. हलक्या बंदुकीस २८ ग्रॅम किंवा त्याहून कमी बरे. १९५४ च्या नियमांखालील शिक्क्यांत चौरस इंचास किती टन दाब हेंही दिलेलें असतें; काडतुसाच्या पेटीवरील दाब त्याच्या आंत हवा.

शिशाऐवजीं निघालेले पोलादी छरे या पातळ नळ्यांत, विशेषतः आवळ चोकच्या नळींत, घालूं नयेत. ते कठीण असल्यामुळें दबत नाहींत. शिसें वर्ज्य असेल तेथें बिस्मथ चालतें. तें शिशाहून थोडें हलकें, पण मऊ आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाहीं. उडत्या मातीच्या चकत्यांस २४ ग्रॅमचें ६५ मिलिमीटरी काडतूसही पुरेसें होतें, मात्र बंदूक व काडतूस या दोहोंस १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील परवाना हवा.