शून्याखालचं पाणी

माजलगाव धरणात शून्य टक्के पाणी उरलं अशी बातमी येते, तेव्हा त्या धरणात प्रत्यक्षात 142 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी असतं. पाच टीएमसी! सिंदफणेवरच्या या धरणाची एकूण साठवण 454 दलघमी. त्यातला तळचा 142 मृतसाठा आणि त्यावरचा 312 उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. पाणी त्या रेषेखाली उतरलं की आकडा उणे होतो, आणि ‘धरण उणे वीस टक्क्यांवर’ हे वाक्य बीड जिल्ह्यातला माणूस सहज वाचून पुढे जातो. मी मात्र त्या वाक्यापाशी दरवेळी थबकतो. ज्या साठ्याला आपण मृत म्हणतो, टंचाईच्या उन्हाळ्यात तोच उपसून बीड शहराच्या नळापर्यंत न्यावा लागतो. त्या दिवसांत शून्याखालच्या पाण्यावर अख्खं शहर जगतं.

हेच आकडे एक्सेलमध्ये घालून वर्षाचा आलेख काढून बघा. पावसाळ्यातले स्तंभ वर चढतात, मार्चनंतर बुटके होतात आणि मे महिन्यात शून्याची रेषा ओलांडून खाली लोंबू लागतात. इथे पहिली गंमत दिसते. महिन्यांची नावं शून्याच्या रेषेलाच चिकटलेली असतात, त्यामुळे ‘मे’ हा शब्द नेमका त्या उणे स्तंभावर येऊन बसतो आणि ज्या महिन्याची काळजी, तोच वाचता येत नाही. अक्षावर उजवं क्लिक करून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडायचं, ‘लेबल पोझिशन’मध्ये ‘लो’ निवडायचं. सगळी नावं आलेखाच्या तळाशी जातात, रेषा शून्यावरच राहते.

पण खरा चमत्कार उभ्या अक्षावर आहे. त्याच खिडकीत ‘नंबर’ नावाचा भाग असतो आणि तिथे स्वतःचा साचा लिहिता येतो. हा लिहून बघा:

0"%";"उणे "0"%";"मृतसाठ्याची रेषा"

अर्धविरामांनी याचे तीन भाग पडतात. पहिला धन आकड्यांसाठी, दुसरा उणे आकड्यांसाठी, तिसरा फक्त शून्यासाठी. ‘ॲड’ दाबलं की अक्षावर 25%, 50% असं दिसतं, खाली ‘उणे 25%’, आणि जिथे नुसतं 0 होतं तिथे ‘मृतसाठ्याची रेषा’ ही अक्षरं उमटतात. शून्यासाठी वेगळा कप्पा ठेवावा हे ज्याला सुचलं, त्याला शून्य कळलं होतं असंच मला वाटतं. आणि हे सगळं होताना तक्त्यातला एकही आकडा हललेला नसतो. किंमत तीच, बदललं ते दर्शन. विल्यम प्लेफेअरने 1786 साली व्यापाराचे आलेख छापले, तेव्हा अक्षावरचा प्रत्येक आकडा तांब्याच्या पत्र्यावर कोरावा लागे. एकदा कोरला की कोरला.

आता विचारा, हा अक्ष खाली कुठपर्यंत न्यायचा? उणे शंभरपर्यंत? नाही. 142 ला 312 ने भागलं की 45.5 येतात. म्हणजे माजलगाव पार कोरडं पडलं, शेवटचा थेंब गेला, तरी आकडा उणे 45.5 टक्क्यांखाली जाऊच शकत नाही. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, लातूरला पाणी देणारं. त्याचा उपयुक्त साठा 177 आणि मृतसाठा 47 दलघमी, म्हणून त्याचा तळ उणे 26.6 ला लागतो. एकाच जिल्ह्यातली दोन धरणं, दोघांचं शून्य सारख्याच शाईत छापलेलं, आणि त्या शून्याखालची खोली इतकी निराळी!

मोह होतो की अक्षाची खालची मर्यादा सरळ उणे 45.5 लिहावी. तसं करू नका. एक्सेल खुणा तळापासून मोजत वर जातं. अंतर 25 चं असेल तर उणे 20.5, मग 4.5 अशा खुणा येतात आणि शून्यच गायब होतं. मर्यादा उणे 50 ठेवा, अंतर 25, आणि 45.5 साठी वेगळी आडवी रेषा काढा. तळ तिथे आहे हे बघणाऱ्याला कळायलाच हवं.

साठा टक्क्यांऐवजी घनमीटरमध्ये असेल तर अक्षावर शून्यांची रांग लागते: 312000000. साच्यात 0 नंतर दोन स्वल्पविराम द्या (0,,) आणि सहा शून्यं दिसेनाशी होतात, उरतं 312. दशलक्ष घनमीटरचं एकक सहा शून्यांचंच असल्याने हे चपखल बसतं. लाख-कोटींचं मात्र असं होत नाही, कारण स्वल्पविराम हजाराच्याच पटीत कापतो. 2011 च्या जनगणनेतली बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049 आपल्या पद्धतीने दाखवायची, आणि संगणकाची मांडणी इंग्रजी असेल, तर अट घालावी लागते:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

कोटीच्या वर असेल तर असं, लाखाच्या वर असेल तर तसं, नाहीतर साधं. साच्यात अटी दोनच बसतात आणि त्या इथेच संपतात, म्हणून उणे लाखांना जागा उरत नाही.

तारखांचंही असंच. 1 जून 2024 ही तारीख एक्सेलच्या पोटात 45444 असते, आणि अक्षावर कधी तोच आकडा उघडा पडतो. तारीख म्हणून ओळख दिली की फायदा दुहेरी: नाव नीट दिसतं, आणि मधले दिवस नोंदीविना गेले असतील तर तेवढी जागा रिकामी सुटते. नुसता मजकूर समजून अक्ष काढला तर दोन नोंदींमधला एक दिवस आणि वीस दिवस सारख्याच अंतरावर बसतात, आणि धरण किती वेगाने आटलं ते कळेनासं होतं.

पाणीपातळीचा आलेख काढताना शेवटचा दशांश जपा. माजलगावची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 431.80 मीटर आहे. वर्षभरातली चढउतार या आकड्यापुढे इतकी लहान की एक्सेल स्वतःहून शून्य सोडतं आणि वरच अक्ष सुरू करतं. इथे तेच योग्य. पण साचा 0 असेल तर 431.80 च्या जागी 432 छापलं जातं, म्हणजे भरलेल्या धरणाहूनही वीस सेंटिमीटर वर. साचा 0.00 ठेवा. सप्टेंबरात येवा सुरू असताना सिंदफणेत किती पाणी सोडायचं हे त्या सेंटिमीटरांकडे बघून ठरतं.