शाळांची सुरक्षितता आणि पटावरचे अनुदान

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील सरकारी शाळेचे छत २५ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळले आणि सात मुले दगावली. त्यानंतर जे घडावयाचे ते सारे क्रमाने घडले. काही शिक्षक निलंबित झाले, चौकशीचे आदेश निघाले, राज्याराज्यांतून शाळांच्या इमारती तपासण्याची परिपत्रके सुटली. महाराष्ट्राला हे नवे नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली पावसात कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, तेव्हाही धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या झाल्या होत्या. यादी करणे स्वस्त असते. यादीत जे सापडते ते दुरुस्त करण्यास पैसा लागतो, आणि तो पैसा शाळेपर्यंत कोणत्या सूत्राने पोचतो याची चर्चा आपण सहसा करीत नाही. ती करावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कायद्याच्या बाजूने उणीव आहे असे म्हणता यावयाचे नाही. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या गवती छपराने पेट घेऊन ९४ मुले होरपळून मेली. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्वाळा दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच वर्षी संमत झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि शाळेभोवती भिंत किंवा कुंपण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हक्क मान्य झाला, परंतु त्याची किंमत कोणी व कशी मोजावी हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या कोपऱ्यात तसाच राहिला.

समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाकाठी एक संयुक्त अनुदान मिळते. त्यातील साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के आपल्या राज्याचा. २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस १० हजार रुपये, ३१ ते १०० पटास २५ हजार, १०१ ते २५० पटास ५० हजार, २५१ ते १००० पटास ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेस एक लाख अशी कमाल मर्यादा ठरली. या रकमेतून वीजबिल, पाणी, इंटरनेट, प्रयोगशाळेचे व खेळांचे साहित्य, मोडलेल्या उपकरणांची डागडुजी, आणि इमारत व स्वच्छतागृहे यांची देखभाल, असे सर्व काही भागवावयाचे. शिवाय निदान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च झाली पाहिजे. दहा हजारांतून हे एक हजार वजा केल्यास उरतात नऊ हजार, म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपये. एवढ्यात विजेचे बिल भरून छताची शाकारणी करून दाखविणारा मुख्याध्यापक अर्थशास्त्राच्या अध्यापकांनाही चार गोष्टी शिकवू शकेल.

रक्कम अपुरी आहे ही तक्रार जुनीच आहे, आणि अपुरेपणा कोणत्या खात्यात नाही? माझा आक्षेप रकमेपेक्षा सूत्रावर अधिक आहे. पुस्तके, गणवेश, माध्यान्ह भोजन यांचा खर्च मुलांच्या संख्येबरोबर वाढतो किंवा घटतो, म्हणून तो डोई मोजणे न्याय्य आहे. छताचा, संरक्षक भिंतीचा आणि विजेच्या तारांच्या जोडणीचा खर्च तसा नाही. अर्थशास्त्रात ज्याला आपण स्थिर खर्च म्हणतो तो हाच. एकतीस मुलांच्या शाळेतील एक कुटुंब पोटासाठी पुण्यास गेले आणि पट तिसावर आला, तर अनुदानाची मर्यादा पंचवीस हजारांवरून दहा हजारांवर येते. छताचे क्षेत्रफळ मात्र पूर्वीइतकेच राहते आणि पाऊसही तेवढाच पडतो. ज्या गावांतून माणसे बाहेर पडत आहेत तेथे पट कमी आणि पुष्कळदा इमारत जुनी. म्हणजे धोका जेथे अधिक असण्याचा संभव, तेथेच अनुदान कमी, असे हे सूत्र आहे. ही तूट गावाने लोकवर्गणीतून भरून काढावी असे सुचविले जाते. सधन गावे ती भरतातही. पण मग मुलाच्या डोक्यावरचे छप्पर किती भक्कम असावे हे त्या गावाच्या उसाच्या भावावर ठरावयाचे काय?

मोठ्या दुरुस्तीसाठी आणि नव्या खोल्यांसाठी वेगळी तरतूद असते हे खरे. परंतु तिचा मार्ग लांबचा आहे. जुनी खोली पाडण्यासाठी आधी तिचे निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे ठराव, अभियंत्याचा दाखला, वरच्या कार्यालयांची मान्यता. दरम्यान खोली उभी असते आणि तिच्या व्हरांड्यात मुले खेळत असतात.

खासगी अनुदानित शाळांचे गणित आणखी निराळे. त्यांचे वेतनेतर अनुदान वेतनखर्चाच्या टक्केवारीने ठरते. इमारतीचे वय किंवा वर्गातील गर्दी यांचा त्या टक्केवारीशी संबंध नाही. त्यातच ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने या शाळांतील चतुर्थश्रेणी पदे रिक्त होतील तशी न भरता त्यांऐवजी ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण भागात हा भत्ता दरमहा पाच हजार रुपये होता. या रकमेत शाळेच्या दारावर, स्वच्छतागृहापाशी, मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवणारे कायमचे, ओळखीचे माणूस मिळत नाही, हे सांगण्यास समितीची गरज नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि सुरक्षिततेचा प्रश्न छतावरून माणसांवर आला. आरोपी तेथे सफाईचे काम करणारा कर्मचारी होता. त्या महिन्याच्या २१ तारखेला शासनाने निर्णय काढून सर्व शाळांना महिन्याच्या आत सीसीटीव्ही बसविण्यास सांगितले. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे अशी अट घातली, आणि न बसविणाऱ्या शाळांचे अनुदान रोखण्याचा किंवा मान्यता काढून घेण्याचा इशारा दिला. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. तथापि ज्या शाळेवरून हे सुरू झाले तेथील पंधरा दिवसांचे चित्रण गहाळ असल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. कॅमेरा हा भांडवली खर्च असून एकदा केला की नोंद होते व छायाचित्रही निघते. तो चालू ठेवणे, त्याकडे पाहणे आणि पाहून काही करणे हा आवर्ती खर्च, आणि आपल्या अनुदानपद्धतीला आवर्ती खर्चाचे वावडे आहे. अनुदान रोखण्याच्या शिक्षेविषयी तर काय बोलावे! संस्थाचालकाच्या कसुरीचा दंड येथे विद्यार्थ्यांच्या खडूफळ्यातून वसूल होणार.

सुरक्षिततेसाठी स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्यातील रक्कम अन्यत्र वळविता येऊ नये. तिचा मोठा भाग पटाऐवजी इमारतीवर मोजला जावा: बांधकामाचे वय, छताचा प्रकार व क्षेत्रफळ, आवाराची लांबी, रस्ता किंवा नाला किती जवळ आहे, इत्यादी. उरलेला भाग पटावर राहू द्यावा, कारण मुले अधिक तेथे लक्ष ठेवणारी माणसेही अधिक लागतात. या माणसांचा, निदान एका स्त्री-मदतनिसाचा पगार त्याच शीर्षातून, भत्त्याच्या नावाने नव्हे तर वेतन म्हणून दिला जावा.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. धोक्यावर पैसे मिळू लागले की प्रत्येक शाळा आपली इमारत धोकादायक ठरवून घेईल. त्यावर उपाय म्हणून दाखला शाळेने न देता दुसऱ्या तालुक्यातील अभियंत्याने द्यावा, आणि तो शाळेच्या दर्शनी फलकावर लावला जावा. पालक तो रोज वाचतील. लहान शाळा चालविणेच परवडत नाही, त्या बंद कराव्यात, हा दुसरा युक्तिवाद मात्र सुरक्षिततेचा नव्हे. शाळा चालू ठेवावयाची की नाही हा निर्णय उघडपणे घेतला जावा, छत गळू देऊन नव्हे.

राहिला वेळेचा प्रश्न. अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडते आणि मार्चअखेरच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते, असा बहुतेक मुख्याध्यापकांचा अनुभव आहे. दुरुस्तीस योग्य दिवस मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतले. एप्रिलमध्ये रक्कम मिळाली तर पत्रे बदलता येतात, भेगा बुजविता येतात, तारा तपासून घेता येतात. ती जानेवारीत आली तर रंगरंगोटी आणि फलक एवढेच उरकते, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा छत होते तसेच असते.