कॉफीचा आपत्कालीन साठा आणि मागे उरणारा चोथा

सन २०१९ च्या एप्रिल महिन्यात स्वित्झर्लंडच्या शासनाने एक प्रस्ताव मांडला. त्या देशात युद्ध, टंचाई अथवा वाहतूक खंडित होण्याच्या प्रसंगासाठी धान्य, साखर, तेल यांच्याबरोबर कॉफीचाही सक्तीचा साठा ठेवला जातो. हा साठा सुमारे पंधरा हजार टनांचा, म्हणजे देशाला तीन महिने पुरेल इतका असतो. शासनाचे म्हणणे असे की, कॉफीत उष्मांक जवळजवळ नाहीत, सबब ती जीवनावश्यक नव्हे आणि साठ्याचे बंधन काढून टाकावे. त्यावर बराच विरोध झाला. स्वतःच्या गोदामात हा साठा सांभाळणाऱ्या व्यापाऱ्यांपैकीही बहुतेकांना तो चालू राहावा असेच वाटत होते. अखेर त्याच वर्षी प्रस्ताव मागे पडला.

तेथील अधिकाऱ्यांनी उष्मांक मोजले. आपल्या शास्त्रकारांनी प्रथम सात्म्याचा विचार केला असता. जे द्रव्य मनुष्य वर्षानुवर्षे नित्य सेवन करतो ते त्याला ओकसात्म्य होते, मग ते मुळात हितकर असो वा नसो. म्हणूनच अहितकर सवयदेखील एकदम न सोडता पादांशाने, क्रमाक्रमाने सोडावी असे चरकाचार्य सांगतात. सहसा त्यागाने विकार उत्पन्न होतात, हे वाग्भटांनीही नोंदविले आहे. आपत्तीत नेमके तेच घडते. पादांशाला अवसरच मिळत नाही.

याचा धडा प्रस्तुत लेखकाला त्याच वर्षी, ऑगस्टमधील कृष्णेच्या महापुरात मिळाला. सांगलीजवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती व आम्ही काही वैद्य तेथे पाळीपाळीने जात होतो. सत्तरीच्या एक आजी दोन दिवस तीव्र शिरःशूलाने बेजार होत्या. रक्तदाब ठीक, ज्वर नाही, दृष्टी वा वाणीत दोष नाही. जागरण, ओलावा आणि चिंता पाहून वातज शिरःशूल असे निदान केले, नस्य दिले, लेप लावला. उतार पडेना. तिसऱ्या दिवशी सहज विचारले, “आजी, घरी चहा-कॉफी किती वेळा होते?” त्या म्हणाल्या, “चहा नाही हो वैद्यबुवा, माझं माहेर धारवाडचं. कॉफी लागते, चार वेळा, बिनसाखरेची.” आजी मधुमेही होत्या. छावणीत मिळणारा चहा साखर घातलेला, म्हणून त्यांनी तो शिवलाही नव्हता. एका स्वयंसेवकाकडून झटपट कॉफीची पुडी मागवून अर्धा पेला कॉफी दिली. पाऊण तासात आजी उठून बसल्या आणि सुनेला हाका मारू लागल्या. इतिहास घेताना आहाराचा प्रश्न प्रथम विचारावयाचा, हे विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्यानेच तो तिसऱ्या दिवशी विचारला!

कॅफीनची सवय तुटल्यावर साधारणतः बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, पहिल्या दोन दिवसांत वेदना सर्वाधिक असते आणि क्वचित नवव्या दिवसापर्यंत टिकते. तंद्रा, चिडचिड, हृल्लास हे सोबती. चहाच्या व्यसनी माणसालाही हे लागू आहे. अर्थात आपत्तीतील प्रत्येक शिरःशूल कॉफीने शमवू पाहणे हे दुसऱ्या टोकाचे अज्ञान होय. गंभीर कारणे आधी वगळलीच पाहिजेत. अम्लपित्त, हृद्द्रव व अनिद्रेच्या रुग्णांना आणि गर्भिणीला देताना हात आखडता असावा. लोह वा मंडूराचे कल्प चालू असतील तर कॉफी त्यांच्यासोबत देऊ नये, कारण तिच्यातील कषाय अंश लोहाच्या शोषणाला अडथळा करतो.

तेव्हा चिकित्सालयाच्या आपत्कालीन पेटीत थोडी कॉफी असावी, एवढेच सांगणे आहे. प्रश्न राहतो तो रूपाचा. काष्ठौषधी वर्षभर सवीर्य राहते, पण तिचे चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, हा शार्ङ्गधराचा नियम कॉफीइतका चपखल क्वचितच कोठे लागू पडत असेल. कच्ची हिरवी बी कोरड्या जागी वर्षभर सहज टिकते. भाजलेली अखंड बी काही आठवडे चांगली राहते. दळलेली पूड मात्र डबा उघडल्यापासून थोड्याच दिवसांत गंध गमावते आणि तिच्यातील तैलांश खवट होऊ लागतो. झटपट कॉफी चवीला निकृष्ट खरी, परंतु मोहोरबंद राहिली तर सर्वांत दीर्घकाळ टिकते आणि तिला गाळणी लागत नाही. पुरात जेथे पाणी उकळण्याचीच पंचाईत, तेथे छोट्या पुड्याच सोयीच्या. खरेदी करताना वेष्टन वाचावे. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की कायद्याची अट पूर्ण होते, आणि चिकोरीत कॅफीन मुळीच नसते.

औषधालयाच्या मांडणीत आणखी एक पथ्य आहे. कॉफी गंध झपाट्याने शोषून घेते. हिंगाष्टक, गुग्गुळ वा जटामांसीच्या शेजारी ठेवलेल्या डब्यातून जे पेय निघते, त्याला काय म्हणावे हे कोणत्याही निघंटूत सापडणार नाही. साठा कुलपात ठेवून विसरू नये, आधी आलेला माल आधी वापरावा. स्वित्झर्लंडचा साठा वर्षानुवर्षे चालतो तो यामुळेच. तो व्यापाऱ्यांच्या नित्याच्या मालातून सतत फिरत असतो. आपल्या क्वाथांच्या भरडीलाही हाच न्याय लावावा.

आता चोथा. उष्ण जलात पूड भिजवून गाळणे, ही शास्त्राच्या भाषेत फाण्ट कल्पनाच. नीट केलेल्या फाण्टात कॉफीचा साधारण पाचवा हिस्साच उतरतो, बाकीचे चार हिस्से गाळणीत राहतात. म्हणून पुष्कळजण चोथा पुन्हा उकळतात. कॅफीनचा बहुतांश पहिल्याच पाण्यात निघून गेलेला असतो, दुसऱ्या पाण्यात येतो तो कडवटपणा.

ओला चोथा दोन-तीन दिवसांत बुरसतो, यासाठी तो पातळ थरात उन्हात वाळवावा. वाळलेला चोथा तैलपाकानंतरच्या कढया घासण्यास उत्तम. नत्राचा अंश सुमारे दोन टक्के असल्याने कंपोस्टलाही चालतो, मात्र एकूण ढिगाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नको. ताजा चोथा थेट वनौषधींच्या रोपांना घालणे टाळावे, कोवळ्या मुळांची वाढ त्याने खुंटते. मोठे कारखाने तो बाष्पकात जाळतात. नेसकॅफेच्या अनेक कारखान्यांत कॉफीचा चोथा इंधन म्हणून वापरला जातो. अलीकडे काही ठिकाणी हाच चोथा ‘उद्वर्तन’ म्हणून विकला जातो. त्वचा घासण्यास तो वाईट नाही, पण त्यावर शास्त्रोक्त असा शिक्का मारणे उचित नव्हे.

खरा धोका निराळाच आहे. सत्त्व काढून घेतलेले द्रव्य वाळवून ताज्या मालात मिसळणे हा भेसळीचा अतिशय जुना प्रकार. चहा, लवंग, सुंठ, बडीशेप आणि कॉफी ही सर्व त्याची बळी. डोळ्यांना फरक कळत नाही, जलविद्राव्य सत्त्वांश मोजला की लगेच कळतो. कच्चा माल घेणाऱ्या प्रत्येक औषधशाळेने ही साधी परीक्षा करावीच. पण आपण केवळ घेणारे नसतो, चोथ्याचे उत्पादकही असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधशाळेत एक गृहस्थ आले आणि दशमूळ व अर्जुनाचा चोथा वाळवून द्याल का, किलोमागे चांगला भाव देतो, असे विचारू लागले. खतासाठी हवा असेल तर ओलाच न्या, आम्हांस पैसेही नकोत, असे म्हटले. गृहस्थ परत आले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे चोथा फाटकाबाहेर कोरडा जात नाही. क्वाथाचा असो की कर्मचाऱ्यांच्या कॉफीचा, त्यात राख व शेण कालवले जाते, आणि किती किलो खड्ड्यात गेला याची नोंद वहीत होते.