तारेला न शिवता

वायरमन बोर्डाची प्लेट उघडतो, खिशातून पेनासारखी प्लॅस्टिकची एक कांडी काढतो आणि तिचे टोक लाल वायरीजवळ नेतो. वायरीवरचे पीव्हीसीचे आवरण शाबूत आहे. कांडीचे टोकही प्लॅस्टिकचेच. आतल्या तांब्याला कशाचाच स्पर्श झालेला नाही, तरी टोकात दिवा पेटतो आणि कांडी टी-टी-टी करू लागते. काही इंच मागे घेतली की गप्प. बाजारात हिला नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर म्हणतात, कुणी व्होल्टेज डिटेक्टर म्हणतो, कुणी नुसते 'बीपवाला टेस्टर'. काहीशे रुपयांत मिळणारी ही वस्तू आज बहुतेक वायरमनच्या खिशात असते. ती काय ऐकते आणि काय तिला ऐकूच येत नाही, हे मात्र फार थोड्यांना नीट ठाऊक असते.

न शिवता वीज ओळखण्याची युक्ती मात्र नवी नाही. इ.स. 1600 मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यात त्याने 'व्हर्सोरियम' नावाचे एक उपकरण वर्णिले आहे. होकायंत्रासारखी टोकावर तोललेली धातूची हलकी सुई, पण चुंबकत्व नसलेली. अंबराचा खडा घासून जवळ आणला की सुई त्याच्याकडे वळते. विद्युतभारित वस्तूभोवतीच्या जागेतही काहीतरी असते आणि ते दुरून टिपता येते, एवढे त्या सुईने दाखवून दिले. आपल्या वायरमनची कांडी त्याच कुळातली.

मधल्या काळात आपल्या घराघरांत पोहोचला तो वेगळाच टेस्टर, पेचकसाच्या दांड्यात लाल ठिपका पेटणारा. त्यातल्या निऑन वायूचा शोध विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनला लावला आणि चिमुकला निऑन दिवा डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी 1917 मध्ये अमेरिकेत बनवला. या टेस्टरचे टोक उघड्या धातूला टेकवावे लागते आणि दांड्याच्या मागच्या टोपीवर बोट ठेवावे लागते. मधे सुमारे दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त रोध असतो. त्यामुळे 230 व्होल्टला आपल्या अंगातून मिलिअँपिअरच्या पाव भागाहूनही कमी धारा जाते आणि ती जाणवत नाही. म्हणजे हा टेस्टर आपल्यालाच वायरीचा एक तुकडा बनवतो. आतला रोध बिघडला किंवा पावसात दांड्यात पाणी शिरले, तर आपल्या आणि फेजच्या मधे काहीच उरत नाही. नवी कांडी आली ती या धोक्याला उत्तर म्हणून. गंमत अशी, की तिलाही आपले शरीर लागतेच.

कांडीच्या टोकात धातूची छोटी पट्टी असते. वायरीतले तांबे, मधले प्लॅस्टिक आणि ही पट्टी मिळून एक नकळत बनलेला कपॅसिटर होतो. हातात धरलेली कांडी, आपले अंग आणि जमीन मिळून दुसरा. आपल्या घरची वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, त्या तालावर या कपॅसिटरांच्या पाट्यांवर विद्युतभार चढतो आणि उतरतो. मधल्या प्लॅस्टिकमधून एकही इलेक्ट्रॉन पार जात नाही, तरी दोन्ही बाजूंना धारा वाहिल्यासारखी दिसते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1860 च्या दशकात जिला 'विस्थापन धारा' म्हटले, ती हीच. प्रकाशाच्या स्वरूपापर्यंत पोहोचलेली ती कल्पना इथे बोर्डात फेज आला का हे सांगायला राबते आहे.

आकडे पाहिले की कांडीच्या कानांचे कौतुक वाटते. टोक आणि वायर यांच्यातली धारिता धरू एक पिकोफॅरड. 50 हर्ट्झला तिचा अडथळा होतो तीन अब्ज ओहमांहून अधिक. 230 व्होल्टच्या दाबाखाली त्यातून जाईल सुमारे 70 नॅनोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा साधारण दीड कोटीवा भाग. इतके क्षीण काही टिपायचे तर पुढच्या मंडलाने स्वतः जवळजवळ काहीच खाता कामा नये. मॉस जातीचे ट्रान्झिस्टर नेमके तसे असतात. त्यांच्या दारावर काचेसारख्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, दाराशी दाब बदलला की आतली वाट उघडते आणि दारातून आत जवळजवळ काहीच झिरपत नाही. घरात छंद म्हणून सर्किटे जोडणारी मुले 4017 क्रमांकाच्या दहा-वीस रुपयांच्या चिपच्या पायाला तारेचा तुकडा जोडून असाच डिटेक्टर बनवतात आणि तो चालतो. तो खेळच आहे. कामाला तो वापरू नये.

कामात ही कांडी खरोखर उपयोगी आहे. पहिली जागा म्हणजे इन्व्हर्टरचे घर. भारनियमनाच्या दिवसांत महाराष्ट्रात घरोघर इन्व्हर्टर बसले. मेन स्विच पाडला की घर मेले असे समजून कुणी पंख्याच्या कपाला हात घालतो, आणि त्या कपाची लाइन इन्व्हर्टरवरून येत असते. मेन पाडूनही कांडी बोलली तर हात मागे घ्यायला तेवढे पुरे. दुसरी जागा न्यूट्रलमध्ये टाकलेल्या स्विचची. घाईत केलेल्या वायरिंगमध्ये फेजऐवजी न्यूट्रल तोडणारा स्विच असतो. बटण बंद केले की बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. शिडीवर चढून होल्डरजवळ कांडी नेली की हे लबाड बटण तत्काळ उघडे पडते. तिसरी भानगड रंगांची. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत तीन फेज लाल, पिवळा, निळा आणि न्यूट्रल काळा. बाहेरून आलेल्या यंत्रांच्या दोरीत मात्र फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा. एकाच पॅनेलमध्ये निळी वायर एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल असू शकते, तिथे रंगापेक्षा कांडीला विचारलेले बरे.

आणि दिवाळीची जुनी माळ! एका ओळीत जोडलेल्या बारीक बल्बांपैकी एक उडला की सगळी माळ विझते. प्लग लावून कांडी माळेवरून सरकवत न्यायची. फेजच्या बाजूने ती बोलत येते आणि उडालेल्या बल्बाच्या पलीकडे गप्प होते. मिक्सरच्या दोरीत आतून तुटलेली फेजची तार शोधायचीही हीच रीत.

आता तिच्या मर्यादा. कांडी बोलली, तर ती बहुधा काहीतरी सांगते आहे. ती गप्प राहिली, तर त्या गप्पपणाची कारणे इतकी असू शकतात, की त्यावर जीव टाकू नये. वर हिशेब केला तो सेकंदाला 50 वेळा उलटणाऱ्या विजेचा. डीसी विजेत दाब स्थिर असतो. भार एकदा चढला की चढून बसतो, पुढे काहीच हलत नाही. म्हणून बॅटरीजवळ कांडी मुकी. बारा व्होल्टच्या बॅटरीबाबत ते एक वेळ चालेल. पण 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवण्याचे आहे आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. ओळीत जोडलेली पॅनेले काहीशे व्होल्टचा डीसी दाब देतात, आणि ऊन आहे तोवर तो बंद करायला वरती बटण नाही. कंट्रोलरपर्यंतची दोरी भर दुपारी जिवंत असते आणि कांडी तिच्यापाशी एक शब्द बोलत नाही. मला विचाराल तर नव्या वीजतंत्र्यांना शिकवायची ही पहिली गोष्ट आहे. जुना निऑनचा टेस्टर, त्याचे सगळे दोष धरूनही, डीसीला पेटतो. फक्त आतल्या दोन पट्ट्यांपैकी एकच उजळते.

वायरीभोवतीच्या विद्युत क्षेत्राला धातूची भिंत पार करता येत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींत लोखंडी पाइपांतून नेलेले वायरिंग असते, कारखान्यांत आर्मर्ड केबल असते. आवरण अर्थला जोडलेले असेल, तर आत 415 व्होल्ट असोत, कांडी बाहेर गप्पच. आणखी एक फसवी जागा म्हणजे तीन फेजच्या वायरींची घट्ट जुडी. तिन्हींचे दाब एकमेकांशी 120 अंशांनी मागेपुढे असतात, आणि तिघींपासून सारख्या अंतरावर त्यांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. शिवाय कांडी खरे तर तिचे टोक आणि आपला हात यांच्या दाबातला फरक ओळखते. लाकडी किंवा फायबरच्या शिडीवर, जमिनीपासून तुटलेल्या अवस्थेत, भोवती चालू वायरींचे जाळे असेल, तर आपले शरीरच थोडे त्यांच्याबरोबर वर चढते. फरक कमी होतो आणि कांडी खोटे बोलते, तेही नेमके अडचणीच्या जागी. आणि सेल संपले असतील, तर सगळे जगच तिच्यासाठी निर्जीव.

उलट बाजूने ती नको तिथे ओरडतेही. चालू वायरीच्या शेजारी लांबवर पडलेली, कुठेच न जोडलेली वायर शेजारणीचा थोडा दाब उचलते. याच भुताटकीमुळे रात्री बंद केलेला एलईडी बल्ब मंद मिणमिणत राहतो. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या प्लगवरचा लॅपटॉप हाताला झिणझिण करतो, कारण चार्जरमधले गाळणीचे कपॅसिटर त्याच्या धातूच्या अंगाला पुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्या दाबावर नेऊन ठेवतात. कांडी तिथे जोरात वाजते. कोकणात श्रावणात ओल शिरलेली भिंत हातभर रुंदीत वाजू शकते, मग ड्रिल कुठे मारायचे हे कांडी काय सांगणार? नायलॉनच्या शर्टावर घासली तरीही ती क्षणभर बोलते. ती घासण्याने हललेल्या भाराची हाक असते.

सगळ्यांत जास्त घोळ न्यूट्रल घालतो. एखाद्या खोलीचा न्यूट्रल मधेच तुटला आणि बल्बचे बटण चालू असेल, तर बल्बमधून फेज पलीकडे येऊन तुटलेल्या न्यूट्रलपर्यंत पोहोचतो. आता कांडी दोन्ही वायरींवर वाजते आणि शिकाऊ पोरगा म्हणतो, दोन फेज आले. जुना वायरमन म्हणतो, रिटर्न येतोय. तो त्या खोलीतली सगळी बटणे बंद करायला लावतो. मग त्यातली एक वायर गप्प होते आणि तुटलेली कोणती ते कळते. खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर प्रकरण आणखी गंभीर. एका घरात दीडशे व्होल्ट, शेजारी तीनशेच्या वर, टीव्ही-फ्रिज जळतात. कांडी दोन्ही घरांत तशीच वाजते. दाब आहे एवढेच तिला कळते, किती आहे ते कळत नाही.

म्हणून तार मेली आहे असे ठरवायचे काम तिच्याकडे देत नाहीत. ते काम दोन टोकांच्या टेस्टरचे, किंवा जाणकाराने धरलेल्या मीटरचे. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्या पाहायच्या. आणि त्या टेस्टरचीही परीक्षा घ्यायची: आधी नक्की चालू असलेल्या सॉकेटवर, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. टेस्टर मधल्या वेळात बिघडला नाही ना, हे तीच सांगते. अडचण एवढीच, की मेन पाडला की घरात चालू सॉकेट उरत नाही. सोसायटीच्या जिन्यातले दिवे बहुधा वेगळ्या, सामाईक मीटरवर असतात. घरात शिरतानाच त्या दिव्यांचा बोर्ड कुठल्या मजल्यावर आहे हे विचारून ठेवले, की काम होते.