लेकराची वकिली आईनं करायची!

"आईनंच लाडावून ठेवलंय." "घरात लक्षच देत नाही बाई." "नजर लागली असेल, एकदा दाखवून आणा." मूल चार वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, किंवा चौथीत जाऊनही 'ब' आणि 'व' मध्ये गोंधळतं, अशा घरात ही वाक्यं रोज कानावर पडतात. आर्वी असो, सेलू असो की हिंगणघाट, बोट शेवटी वळतं ते आईकडेच.

असं फक्त आपल्याकडेच झालं, असं समजू नका. १९५० च्या दशकात अमेरिकेत चांगले शिकलेले डॉक्टरसुद्धा सांगत, की आईची माया कमी पडली म्हणून मूल स्वमग्न होतं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हा समज खोडून काढला आणि पुढच्याच वर्षी अशा मुलांच्या आईवडिलांना एकत्र आणून संघटना उभी केली.

स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार), अतिचंचलता (एडीएचडी) या सगळ्यांत मेंदूची ठेवणच निराळी असते. अशा मुलांना दोन गोष्टींची गरज असते. रोजचं जगणं हात धरून शिकवणारं कुणीतरी, आणि शाळेत, कचेरीत त्यांची बाजू मांडणारं कुणीतरी. मोठ्या शहरांत या कामासाठी फी घेणारे 'लाइफ कोच' आणि सल्लागार मिळतात. आपल्या गावात ही दोन्ही कामं बहुतेक वेळा आईच करते. मग ती नीट समजून का करू नयेत?

आधी रोजचं जगणं

दात घासणं, आंघोळ, डबा, शाळा अशी चित्रं काढून भिंतीवर ओळीनं लावा. पुढे काय होणार हे दिसलं, की मुलाची धास्ती कमी होते. मामाच्या गावाला जायचं असेल, तर दोन दिवस आधी एसटीचं चित्र लावून सांगा. लग्नातला बँड सहन होत नसेल, तर "सगळी पोरं नाचतात, तूच कसा रडतो?" म्हणू नका. त्याला थोडं दूर घेऊन बसा. चहा करणं शिकवायचं, तर पातेलं ठेवणं, पाणी मोजणं, साखर टाकणं असे तुकडे करा आणि एका वेळी एकच शिकवा.

यात परकं असं काही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याचा विचार मांडला. सेवाग्रामची नई तालीम त्यातूनच उभी राहिली. पाटी-पेन्सिलीशी ज्याचं जमत नाही, ते मूल मातीत, सुतात, भाजीच्या वाफ्यात पुष्कळ शिकू शकतं.

मग वकिली

त्यासाठी एक जाड वही करा. मूल केव्हा बसलं, केव्हा बोललं, कशानं चिडतं, शिक्षक काय म्हणाले, सगळं तारखेनिशी लिहा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं विनोबा भावे रुग्णालय या दोन्ही ठिकाणी बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आहेत. अतिचंचलतेचं नाव त्या यादीत नाही, पण तिच्यासोबत पुष्कळदा अध्ययन अक्षमताही असते, म्हणून तीही तपासून घ्या. युडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. मान्यताप्राप्त शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक यांसाठी शाळेकडे वेळेत अर्ज करा आणि पोच घ्या.

पोच कशाला, असं वाटेल. २०२१ च्या नीट परीक्षेत डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला तासभर जादा वेळ मिळायला हवा होता. केंद्रावर तो दिलाच गेला नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पुन्हा परीक्षा झाली नाही, पण झालेला अन्याय कसा दूर करणार ते ठरवा, असं न्यायालयानं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं. नियम असून भागत नाही. तो आपल्याला माहीत हवा, आणि कागद हातात हवा.

माझ्यानंतर कोण?

हा प्रश्न रात्री झोप उडवतो. मूल १८ वर्षांचं झालं, की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. बँक, सातबारा, ऑपरेशनची सही, सगळीकडे अडतं. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याला पालकाची गरजच नाही. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असून ज्याला आधार लागतो, त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. हे काम जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे असतं, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. याच चार प्रकारांसाठी 'निरामय' आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा.

मैत्रिणींनो, हे सारं एकटीनं ओढू नका. वही नवऱ्यालाही वाचायला द्या, सासूबाईंनाही समजावून सांगा. गावात अशी आणखी एखादी आई असेलच, तिला गाठा. दोघी मिळून शाळेत गेलात, तर मुख्याध्यापकांना दोघींचं ऐकावं लागेल.

आणि जमेल तसं मुलालाही बोलू द्या. शब्दानं, खुणेनं, चित्रानं. "मला हा आवाज नको," एवढं जरी त्यानं वर्गात स्वतः सांगितलं, तरी त्या दिवशी त्याची वकिली त्यानंच केली, असं समजा.